काचेआडचं ऊन

३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, रोज लिहून ठेवा. वजन किती, काय खाल्लं, शी झाली का, उन्हात किती वेळ होता. मी चित्रांना चौकटी करणारा माणूस. आजवर लिहिलं ते लांबी, रुंदी आणि माल कधी द्यायचा ती तारीख. म्हणून ऑर्डरची जुनी वही उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात करतोय.

नाव: मुकादम. प्राणी: कासव, जमिनीवरचं. वय: अकरा. वजन: ६१२ ग्रॅम.

नाव लेकीनं ठेवलं. मी घरी काम करत बसलो की हा पायाशी येऊन मान वर करून बघत उभा राहायचा. स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवायची, म्हणून मुकादम. लेक नोकरीला परगावी गेली त्याला चौदा महिने झाले. जाताना माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, आईला आणि ह्याला सांभाळा."

काल त्याला उचलला तर पाठीच्या कडेला माझा अंगठा रुतला. कवच दबलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं.

डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढ्या. हाडांचा फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. हाडं इतकी फिकट की कुणी पेन्सिल टेकवून लगेच उचलल्यासारखी. विचारलं, "खायला काय देता, काका?" मी अभिमानानं सांगितलं: टोमॅटो, केळं, दुधात भिजवलेला पाव. म्हटलं, फार आवडीनं खातो. त्या म्हणाल्या, "लहान मुलाला चॉकलेट आवडतं म्हणून जेवायला तेच वाढतो का आपण?"

मग उन्हाचं निघालं. मी म्हटलं, त्याची काळजी नको, दिवसभर उन्हातच लोळतो, आमची गॅलरी सकाळपासून उन्हात असते. "उघडी आहे?" "छे, काचा लावल्यात. मी स्वतः." त्यांनी फोटो खाली ठेवला. "काका, उन्हातलं हाडांना जे लागतं ना, ते काच आत येऊच देत नाही. उजेड येतो, ऊब येते. ते बाहेरच राहतं."

तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, चांगली काच लावा, उन्हानं रंग उडतो. म्हणजे काच काहीतरी अडवते हे मला ठाऊक होतं. ते कुणाला हवंही असतं, हे ठाऊक नव्हतं.

लेकीला काही कळवायचं नाही.

४ मार्च

वजन ६११. खाणं: काही नाही.

रोज सकाळी कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवायचा. पाणी हनुवटीपर्यंत, वर नाही. मी परातीशेजारी पाट घेऊन बसलो. वीस मिनिटं म्हणजे किती लांब असतात! पाण्यावरचा कवडसा छतावर हलत होता. मुकादमाचे डोळे सुजून मिटलेले. त्यानं एकदाच पाय हलवला आणि छतावरचा सगळा उजेड थरथरला. बघता बघता मीच पेंगलो. ही गॅलरीतून म्हणाली, "अहो, पाणी गार झालं असेल." ती तिथून उठत नाही, पण घरातलं तिला सगळं कळतं.

हिच्याबद्दल लिहायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही, तरी ओघात आलं म्हणून लिहितो. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात हिच्या छातीत पाणी झालं होतं. एकोणीस दिवस दवाखान्यात. घरी आणली तेव्हा हातात धरली तर वजन लागेना. डॉक्टर म्हणाले, वारा लागू देऊ नका. मला दुसरं काय येतं? गॅलरीला चारी बाजूंनी काचा बसवल्या. अकरा तावदानं, एकही फट नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात नेटकं काम. तेव्हापासून ही तिथे आरामखुर्चीत बसते, ऊन खाते, मुकादम पायाशी. तब्येत सांभाळून आहे. फक्त हाडं दुखतात म्हणते, कंबर आणि नडग्या. मी तेल चोळून देतो. वयाप्रमाणे चालायचंच.

७ मार्च

वजन ६०७. खाणं: पालकाची तीन पानं, तीही मी तोंडाला लावली म्हणून.

पालक म्हणजे ताकद, असं समजून मी दोन जुड्या आणल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, पालक नको, त्यात असं काही असतं की कॅल्शियम अडकून बसतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आता जास्वंदीची पानं, तुतीची पानं, रस्त्याकडेचं गवत आणि रानपाला. वरून कॅल्शियमची पांढरी पूड भुरभुरवायची. एवढा मोठा झालो आणि सकाळी सहाला रस्त्याच्या कडेला वाकून पाला तोडतोय. शेजारच्या दुकानातला शिंपी फिरायला निघाला होता. थांबून म्हणाला, "काय राव, घरी जेवण मिळत नाही?"

ऊन: वीस मिनिटं, गच्चीवर. आमच्या मजल्यापासून गच्ची बावीस पायऱ्या वर. गॅलरीची एखादी काच सरकवता आली असती, पण हिला वारा लागेल. म्हणून मीच टोपलीतून वर नेतो. कावळे असतात, त्यामुळे शेजारी बसून राहावं लागतं. सकाळच्या उन्हात गच्ची वेगळीच दिसते. दोरीवरच्या चादरींच्या सावल्या जमिनीवरून चालत येतात आणि मुकादमाच्या पाठीवर चढतात.

११ मार्च

वजन ६०१.

डॉक्टरीणबाई घरी आल्या, म्हणाल्या जागा बघायचीय. हिनं बसल्या बसल्याच पाणी दिलं. मी काचा दाखवल्या. लोक दाखवतात तशी मीही एक टिचकी मारून दाखवली. त्या काचांकडे कमी आणि हिच्याकडे जास्त बघत होत्या.

"काकू, दिवसभर इथेच असता?"

मीच उत्तर दिलं, "चौदा महिने. वाऱ्याची झुळूक लागू दिली नाही."

"खाली जात नाही?"

"अडतीस पायऱ्या आहेत," मी म्हटलं. "पाय दुखतात तिचे."

त्यांनी हिच्या पायांकडे एकदा बघितलं. मग दारात चपला घालताना हळूच म्हणाल्या, "काका, काकूंचं एकदा रक्त तपासून घ्या."

मला रागच आला. ही जनावरांची डॉक्टर. ससे नि पोपट बघावेत, माझ्या बायकोत कशाला नाक खुपसायचं? माणसाचं वेगळं असतं. माणूस काय अंड्यातून येतो? हिला तसं म्हटलं तर हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून राग गेला.

१५ मार्च

वजन ५९२. आठवडाभर स्वतःहून एक पान खाल्लेलं नाही. आता पाल्याचा लगदा पिचकारीनं घशात घालायचा. जबडासुद्धा मऊ झालाय, जपून उघडावा लागतो. काचेवर रेघ मारताना टेकवतो तसं मनगट टेकवून पिचकारी आत सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "पाचशे ऐंशीच्या खाली गेला तर मग फार आशा धरू नका."

लेकीचा फोन. "मुकादम कसा आहे?"

"मजेत," मी म्हटलं.

"फोटो पाठवा ना."

दीड वर्षापूर्वीचा पाठवला. तिनं तो उघडून बघितला. मग म्हणाली, "आईला द्या." दोघी बराच वेळ बोलल्या, म्हणजे हीच बोलत होती, हळू आवाजात. मी आत पिचकारी धूत होतो. खोटं बोललो, तेही पोटच्या पोरीशी, आणि ज्यानं कुणाचं वाईट केलं नाही त्या प्राण्याच्या जिवावर.

१६ मार्च

वजन ५८९.

दुपारी दुकानात डोळा लागला. भिंतीवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या असतात, त्यांच्याकडे बघता बघता. स्वप्नात आमचं घरच चालत होतं. चार जाड पाय, अगदी सावकाश, रस्त्यानं. गॅलरीच्या काचा पाण्याच्या झाल्या होत्या आणि ही आत बसून बोटानं त्यांच्यावर वर्तुळं काढत होती. मी मागून धावत होतो. इतकं हळू चालणारं घर, आणि मला गाठता येईना. मी ओरडत होतो, माप चुकलं, थांबा, माप चुकलं. जाग आली तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि विचारत होतं, "कसलं माप?"

१९ मार्च

वजन ५८६.

चाळीस चौकटींचं काम आलंय. कुठल्याशा प्रदर्शनाचं. महिनाभर श्वास घ्यायला फुरसत नाही. सकाळी आठला दुकान उघडावं लागेल, मग गच्चीवर कोण बसणार?

ही म्हणाली, "मी बसते की."

"तू? बावीस पायऱ्या? वारा?"

"वारा काय खातो का?"

मी साफ नाही म्हटलं. आवाज जरा चढलाच. ती पायाशी झोपलेल्या मुकादमाच्या पाठीवर बोट फिरवत राहिली. मला ते एकोणीस दिवस आठवतात, हे तिला कसं सांगू? त्या दिवसांत मी तिच्या खाटेजवळ बसून छताच्या फरशा मोजायचो. चौऱ्याऐंशी होत्या.

पहाटे उजाडल्या उजाडल्या दहा मिनिटं नेईन. तेवढंच.

२४ मार्च

वजन ५८४. खाली जायला चार ग्रॅम उरले.

दहा मिनिटांचं कोवळं ऊन कशाला पुरतंय? तरी नेतो. तो माझ्या मांडीवर डोळे मिटून बसतो आणि मी गावाच्या छपरांवरून उजेड सरकताना बघतो. त्या वेळी वाटतं, सगळं ठीक आहे. खाली उतरलो की वाटत नाही.

फ्रिजवर नोंदीचा कागद लावलाय, पिचकारी दुपारी हीच देते म्हणून. संध्याकाळी बघतो तर हिच्या अक्षरात: 'ऊन ४० मिनिटं.'

मी म्हटलं, "अगं, काचेआडचं ऊन मोजायचं नसतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना?"

"बरं," ती म्हणाली.

तिचं नाक लाल झालंय. कपाळ हाताला गरम लागलं. पुन्हा ताप येतो की काय? गॅलरीच्या कोपऱ्यातल्या एका काचेखाली केसाएवढी फट सापडली. लगेच पुट्टी भरून बुजवली.

२७ मार्च

वजन ५८४. उतरलं नाही! तीन दिवस जिथल्या तिथे.

कागदावर आज: 'ऊन ५० मिनिटं.' बायकांना एकदा सांगून पटत नाही. मी दोन रेघा मारून ते खोडलं.

हिनं जेवताना दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

२ एप्रिल

डोळा उघडला. डावा. मी पाण्याशेजारी बसलो होतो, नेहमीसारखा अर्धवट झोपेत. बघतो तर मुकादम माझ्याकडे बघतोय. काळाभोर डोळा, त्यात खिडकी, खिडकीत मी. मी कितीतरी वेळ हललो नाही, हललो तर तो मिटेल म्हणून. रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही, ही वही कोण वाचतंय?

वजन ५९१.

हे पुडीमुळे झालं असणार. दहा मिनिटांच्या उन्हानं एवढं होत नाही. डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "दहाच मिनिटं? नक्की?" मी म्हटलं, मी स्वतः नेतो, माझ्यापेक्षा कुणाला माहीत?

९ एप्रिल

वजन ५९९. पिचकारी चालूच. स्वतःहून अजून खात नाही. त्यानं स्वतः तोंड उघडून पहिला घास घेतला की मी लेकीला खरं सांगणार, हे ठरवलंय.

शिंप्यानं चहा पाजला. म्हणाला, "तुमच्या गच्चीवर हल्ली कुणीतरी बाई बसलेली दिसते, दहाच्या सुमाराला. पांढऱ्या चादरींमागे. मला आधी वाटलं भास होतोय."

"वरच्या मजल्यावरची असेल, वाळवण राखत," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला, "वरचा मजला तुमचाच आहे, पण असेल."

मला अजून दहा चौकटी बाकी आहेत, ह्याच्या कोड्यांना वेळ कुणाला आहे? हिच्या चपलांना आज चुना लागला होता. गच्चीच्या कठड्याला असतो तसला. गॅलरीत कुठून आला कुणास ठाऊक. भिंतीला पोपडे येत असतील, बघायला हवं.

रात्री तेल चोळायला घेतलं तर म्हणाली, "आज राहू दे, दुखत नाही एवढं." माझ्या हाताचा गुण.

१६ एप्रिल

आजचं सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी अकराची वेळ. मी शेवटच्या मोठ्या चौकटीत काच बसवत होतो. दुकानाच्या दर्शनी काचेतून रस्ता दिसतो, त्यावर ऊन इतकं पडलेलं की माणसं कडांनी वितळल्यासारखी दिसत होती. त्यातून एक बाई येताना दिसली. सावकाश, दर पाच-सहा पावलांवर थांबत, हातात टोपली. मला वाटलं, गिऱ्हाईक. टोपलीत फोटो असतील. मी हात पुसले. बाई दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली, तरी मला कळेना. कारण चौदा महिने मी तिला बसलेलीच पाहिली होती. उभी राहिल्यावर ती केवढी असते, हे मी विसरलो होतो.

ही होती.

"मुकादम जेवला," ती म्हणाली. धाप लागली होती. "स्वतःहून. जास्वंदीचं फूल. सगळं खाल्लं."

आणि मी काय केलं? टोपलीत बघितलं! मुकादमाच्या तोंडाला लाल पाकळीचा तुकडा चिकटलेला. त्याला उचलला, अंगठ्यानं कड दाबून पाहिली. दबली, पण अंगठा रुतला नाही. मी ओरडलो, "वजन केलंस का?"

शिंपी सुई तशीच हातात घेऊन धावत आला होता. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अहो, त्याचं वजन काय विचारताय? वहिनी आल्यात खाली! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गच्चीपासून साठ पायऱ्या. चुना. लाल नाक. चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं, आणि मी मारलेल्या त्या दोन रेघा.

मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. म्हणाली, "बसून बसून कंटाळा आलाय हो."

"चढलीस कशी?"

"पहिल्या दिवशी सातव्या पायरीवर बसले होते अर्धा तास. टोपलीत हा, आणि शेजारी मी. दोघांनाही पुढे जाता येईना. मग ह्यानं मान बाहेर काढली. म्हटलं चला."

"मला सांगितलं का नाहीस?"

तिनं दुकानभर बघितलं. कोपऱ्यात उभे करून ठेवलेले काचेचे ताव, भिंतीवरच्या चौकटी. "तुम्ही इतक्या मायेनं लावल्या होत्या काचा," ती म्हणाली. "काय सांगणार?"

तिला म्हणायचं राहिलं ते इथे लिहितो. मी तिला वाऱ्यापासून वाचवलं आणि ज्यानं ती उभी राहिली असती, तेच बाहेर ठेवलं. अकरा तावदानं, एकही फट नाही. ती डॉक्टरीणबाई दारात उभं राहून सांगत होती आणि मी तिला जनावरांची डॉक्टर म्हणालो.

दुकान बंद केलं. वर जाताना टोपली माझ्याकडे होती आणि हात तिचा कठड्यावर. मी धरायला गेलो तर म्हणाली, "नको, तुम्ही घाई करता." अडतीस पायऱ्यांना पाऊण तास लागला. मी इतका सावकाश आजवर कुठेच गेलो नव्हतो. जिन्याच्या झरोक्यातून दर मजल्यावर उन्हाचा एक चौकोन पडला होता, आणि ती प्रत्येकात थोडी थांबत होती.

लेकीला फोन केला. सगळं खरं सांगितलं, फोटोचंसुद्धा. ती म्हणाली, "बाबा, त्या फोटोत मागे गॅलरीचा जुना कठडा दिसत होता. आणि आई मला रोज सांगते. आज किती पायऱ्या, किती मिनिटं. ती म्हणाली, बाबांना आत्ता कळलं तर कडी लावतील." मग हसली, आणि हसता हसता रडली.

वजन ६०८.

१८ एप्रिल

हिच्या रक्ताचा रिपोर्ट आला. माणसांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं: हाडांसाठी गोळी, पालेभाज्या आणि रोज उन्हात बसणे, उघड्यावर. मी मुकादमाचा कागद शेजारी ठेवून पाहिला. औषधाचं नाव सोडलं तर ओळ अन् ओळ तीच.

डॉक्टरीणबाईंची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "वजन वाढायला लागलं तेव्हाच मला संशय आला होता, काका. दहा मिनिटांत नाही होत एवढं." आणि हेही सांगितलं की कवच पूर्ण टणक व्हायला वर्ष जाईल, आणि पाठीवर जी खोलगट जागा राहिलीय ती कायमची राहील. मी विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, "चालेल. जरा वाकडा, पण चालेल."

१९ एप्रिल

दुकान बंद ठेवलं. सकाळी स्क्रू काढायला बसलो. बसवायला चार दिवस लागले होते, काढायला दीड तास. एकेक तावदान भिंतीला टेकवून ठेवलं. पुट्टी भरलेली ती फट आधी खरवडली.

शेवटची काच निघाली तेव्हा वारा आत आला. कॅलेंडर फडफडलं, नोंदीचा कागद फ्रिजवरून उडून परातीतल्या पाण्यात पडला. सवयीनं मी उठून उभा राहिलो, कुठे काय झाकू असं झालं.

"पडदे उडतायत," मी म्हटलं.

"उडू देत," ती म्हणाली. केस तिच्या तोंडावर येत होते, आणि ती ते मागे सारत नव्हती.

मुकादम उंबऱ्याशी येऊन थांबला. मान लांब काढली, वास घेतला. मग एकेक पाय उचलत त्या उन्हाच्या कडेपर्यंत गेला आणि आत शिरला. मी खुर्ची आणायला वळलो. ती म्हणाली, "खुर्ची कशाला? बसा खाली." बसलो. फरशी गरम होती.

भिजलेला कागद वाळत घातलाय. म्हणून आजची नोंद इथेच.

वजन: ६१४. खाणं: तुतीची चार पानं, जास्वंदीचं एक फूल. ऊन: एक तास, तिघंही.